बदक नावाच्या गाडीचे कलम

मी, खाली सही करणारी, धंदा गाड्यांच्या सीटा शिवणे, राहणार वर्कशॉपच्या मागच्या दोन खोल्यांत, जिला सगळी गल्ली 'सीटवाली काकू' म्हणते आणि जी दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली तर मागे वळूनही बघणार नाही, ती मी हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्या दबावाला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. शुद्धीची खात्री करायला वकीलबाईंनी डॉक्टर आणले होते. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटच्या डाव्या कडेचा गोट उसवला आहे, हेही सांगितले. त्यांनी लगेच दाखल्यावर सही केली.

हे मृत्युपत्र एका बैठकीत झालेले नाही. वकीलबाईंनी मला बजावले आहे, “काकू, खाडाखोड करू नका, उद्या कोणी शंका घेईल. मत बदललं तर खाली नवीन कलम घाला आणि वरचं रद्द म्हणा.” माझे मत बदलले आहे. म्हणून वाचणाऱ्याने शेवटपर्यंत वाचावे. माझ्या दिराला कुठलीही गोष्ट शेवटपर्यंत वाचायची सवय नाही, त्यामुळे हे पहिल्याच पानावर लिहिले.

कलम १. माझी माणसे

माझे यजमान गाड्यांचा पत्रा ठोकायचे आणि मी त्याच गाड्यांच्या सीटा शिवायची. एकाच शेडमध्ये त्यांची बाजू उजवी, माझी डावी. बायकोच्या बोलण्यात मला माझ्या हातोडीचा आवाज ऐकू येत नाही, असे ते गिऱ्हाइकांना सांगायचे. ते जाऊन बरीच वर्षे झाली. आम्हाला एकच मुलगी. ती त्यांच्याही आधी गेली. तिची एकच मुलगी, म्हणजे माझी नात. ती आता नोकरीला लागली आहे, उंचीने बापावर आणि जिभेने माझ्यावर गेली आहे. माझी वारस ती. दुसरे कोणी वारस म्हणून उभे राहिले, तर त्याला शेडच्या दाराशीच पाणी द्यावे आणि परत पाठवावे.

कलम २. घर

दोन खोल्या, पुढची शेड आणि मागची मोरी असे सर्व स्थावर मी नातीला देते. त्यावर इतर कोणीही हक्क सांगू नये. मात्र माझी शिवणाची खोली माझ्या पश्चात आहे तशी ठेवावी. मशीनवर जे काम लावलेले असेल ते काढू नये. दाभण, मेणाचा गोळा, दोऱ्याची रिळे, भिंतीवरची मापे, काही हलवू नये. खिडकी घट्ट लावून घ्यावी आणि दाराला कुलूप घालावे.

कलम ३. ठेव

बँकेतली ठेव नातीची. ती तिने शहाणपणाने खर्च करावी असे मी म्हणणार नाही. शहाणपणाचे आमच्या घरात पुष्कळ झाले.

कलम ४. यजमानांची हत्यारे

सर्व हातोड्या, पत्र्यामागे धरायचे लोखंडी ठोकळे, कात्र्या, वेल्डिंगचा संच आणि ह्यांचा चामड्याचा ॲप्रन मी बारक्याला देते. बारक्या ह्यांच्या हाताखाली तयार झाला. तेव्हा तो खरोखर बारीक होता. आता त्याचे स्वतःचे मोठे वर्कशॉप आहे आणि आमच्या शेडच्या छोट्या दारातून तो आडवा होऊन आत येतो, पण नाव एकदा पडले ते पडले. हत्यारे मिळणार म्हणून त्याला साक्षीदार होता येत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. तो हिरमुसला. त्याला सही करायची फार हौस आहे.

हत्यारांबरोबर ह्यांची पद्धतही बारक्याकडेच गेली आहे. पुढच्या कलमांसाठी ती इथे सांगून ठेवते. कुठली जुनी गाडी पुन्हा उभी करण्यासारखी आहे आणि कुठली नाही, हे लोक ह्यांना विचारायला यायचे. गिऱ्हाईक रंगाबद्दल आणि चकाकीबद्दल बोलत असायचे, तेव्हा हे गाडीची दारे एकेक करून उघडायचे आणि लावायचे. दार आपल्या जागी गपकन बसले तर सांगाडा सरळ. मग फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवायचे. ते जिथे खाली पडेल तिथे पत्रा नाही, नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वरून रंग मारलेला. शेवटी ड्रायव्हरच्या पायाखालचे रबर उचलून तळाला स्क्रू ड्रायव्हर टोचायचे.

एवढे झाले की हात पुसत एकच प्रश्न. “चालवणार कोण?”

गिऱ्हाईक म्हणाले की वडिलांची आठवण आहे, नुसती ठेवायची आहे, तर हे म्हणायचे, “मग फोटो काढून ठेवा, जागा कमी लागते.” आणि कोणी म्हणाले की मुलगी चालवेल, बायको चालवेल, तर चाळणी झालेली गाडीसुद्धा आत ढकलायला सांगायचे. धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध गाढवपणा होता, आणि मी तो त्यांना वेळोवेळी ऐकवला.

आणखी एक. गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर काचा बोटभर उघड्या ठेवा, असे ते प्रत्येकाला सांगायचे. बंद गाडीला घाम येतो, ती आतून सडते. हे विचारलेले नसतानाही सांगायचे. लग्नात भेटलेल्या माणसालाही सांगायचे.

कलम ५. दीर

माझ्या दिराने आमची मोठी शिडी नेली. ती अजून त्याच्याच गॅलरीत आडवी आहे, त्यावर त्याची सून कपडे वाळत घालते. ती शिडी मी त्याला देते, म्हणजे निदान मेल्यावर तरी ती परत मागायचे माझे काम संपेल. याखेरीज त्याला काही नाही. माझ्या मुलीला पोचवून आम्ही घरी आलो, तेव्हा दाराशी चपला काढता काढता तो म्हणाला होता, “ती गाडी आता कशाला? भंगारवाल्याला सांगून टाकू.” त्याच्या मनात वाईट नसेल. त्याच्या मनात कधीच काही नसते.

कलम ६. जावई

माझा जावई चांगला माणूस आहे. हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटलेले नाही, म्हणून लेखी देते. त्याने दुसरे लग्न केले, ते मला फार लवकर वाटले. कधीही केले असते तरी लवकरच वाटले असते. माझ्या मुलीचा आणि त्याचा लग्नातला फोटो मी बघायला म्हणून आणला आणि परत दिला नाही. तो माझ्या कपाटात आतल्या बाजूला आहे. त्याचा त्याला द्यावा.

त्याच्या बायकोला माझी मोठी कात्री द्यावी. तिने एकदा मागितली होती, तेव्हा बोथट आहे म्हणून मी सांगितले. ती बोथट नाही. माझ्या नातीला तिने दर सुट्टीत स्वच्छ वेणी घालून, नखे कापून माझ्याकडे पाठवले आणि 'आजीला उलटून बोलायचं नाही' असे शिकवून पाठवले. दुसरे जमले नाही, यात तिचा दोष नाही.

कलम ७. गाडी

हे कलम मी सारखे पुढे ढकलत होते.

शेडच्या मागच्या कोपऱ्यात कव्हरखाली जी गाडी उभी आहे, ती एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकली आणि परत नेलीच नाही. कागद पुढे रीतसर आमच्या नावावर झाले. फिकट निळी, गोल दिव्यांची, लांब नाकाची, आता रस्त्यावर दिसतही नाही अशा जुन्या घडणीची. ह्यांनी तिचा सगळा पत्रा हाताने ठोकून उभा केला. सीटा मी शिवल्या. आत काथ्या आणि स्प्रिंगा, वर तपकिरी रेक्झिन, कडेने पांढरा गोट. त्यापेक्षा सरळ गोट मला पुढे कधी जमला नाही. हॉर्न दाबला की ती बदकासारखी ओरडायची, म्हणून आमच्या मुलीने तिचे नाव बदक ठेवले.

मुलगी त्याच गाडीवर शिकली. ती चणीने लहान होती. सीट रुळावरून पार पुढे ओढून घ्यायची, तेव्हा कुठे पाय पोचायचे. समोरून बघणाऱ्याला स्टिअरिंगवर नुसती दोन मनगटे दिसायची. बदक आपल्या मनाने चालले आहे, असे हे म्हणायचे. पण हात इतका सफाईदार होता की बाप शेजारी बसून झोपी जायचा, आणि ह्यांना दुसऱ्या कोणाच्या गाडीत कधी डोळा लागल्याचे मला माहीत नाही.

नात रांगत होती तेव्हा मुलीला ताप आला. तो हटेना. हॉस्पिटलात दाखवायचे ठरले. “मीच काढते गाडी, तुम्ही क्लच फार मारता बाबा,” म्हणाली. ती चालवत होती, हे शेजारी, मी बाळाला घेऊन मागे. हॉस्पिटलच्या आवारात दोन गाड्यांच्या मध्ये एवढीशी जागा होती, तिथे तिने बदक एका दमात मागे घेतले. “बघितलंत?” म्हणाली आणि हसली. त्यानंतरही ती काही दिवस होती. पण आमची ती तिथपर्यंतच होती.

ती गेल्यावर गाडी घरी आणायची होती. हे उंच. त्यांनी सीट मागे घेतली नाही. गुडघे स्टिअरिंगला लागत होते, पाय वाकडा करून ब्रेक दाबत होते, पण सीटला हात लावला नाही. आरसाही हलवला नाही. तो तिच्या डोळ्यांसाठी लावलेला. ह्यांना त्यात मागचा रस्ता दिसत नव्हता, मागच्या सीटवर बाळाला घेऊन बसलेली मी दिसत होते. घर येईपर्यंत ह्यांचे डोळे मला त्या आरशात दिसत राहिले.

शेडमध्ये आल्यावर मी तिच्या सीटच्या पाठीला तोंड लावले. तिच्या केसांचा वास होता. बाळाच्या पावडरीचाही होता. मी ह्यांना सांगितले, तुम्ही बघा. त्यांनी बघितले. मग त्यांनी सगळ्या काचा वर घेतल्या. दारांच्या फटींना चिकटपट्टी लावली, खालच्या बाजूनेही लावली, हवा यायच्या जाळीला लावली. मी जाड रेक्झिनचे कव्हर शिवले, एकाही टाक्यातून हवा जाणार नाही असे, शिलाईवर मेण घासून. ज्या माणसाने जन्मभर लोकांना काचा उघड्या ठेवा म्हणून सांगितले, त्याने स्वतःच्या गाडीत वारा शिरू दिला नाही. त्याला कळत नव्हते असे नाही. त्या दिवशी ते कळून घ्यायचे नव्हते.

पुढच्याच पावसाळ्यानंतर गाडीखाली तांबूस पाणी ठिबकू लागले. पत्रा ठोकणाऱ्याला तांबूस पाणी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ह्यांनी खाली एक पत्र्याचा ट्रे सरकवला. रोज सकाळी मी चहा टाकायला उठायच्या आधी तो मोरीत ओतून यायचे, आणि मी उठलेली असले तरी त्यांचे ओतून होईपर्यंत डोळे मिटून पडून राहायची. ते गेल्यावर ट्रे मी ओतू लागले. मग हळूहळू पाणी यायचे थांबले. गळण्यासारखे काही उरले नसावे.

माझ्या नातीला ही गाडी हवी आहे. शाळेत असल्यापासून हवी आहे. दरवेळी मी नाही म्हटले. मागच्या भेटीला ती म्हणाली, “आजी, एकदा उघड ना. नुसती बघते.”

“बघण्यासारखं काय आहे त्यात?”

“ते तुला माहीत. तू आईबरोबर त्यात बसलीयेस.” मग म्हणाली, “तुझ्याकडे आई आहे, आजी. माझ्याकडे ताडपत्री आहे.”

मला त्या वाक्याचा भयंकर राग आला. ताडपत्री नाही, रेक्झिन आहे, असे मी तिला सुनावले आणि आत निघून गेले. राग यायचे कारण तिला कळले आणि मलाही. ती बोलली ते खरे होते.

तरीही माझी इच्छा अशी: माझ्या पश्चात सदर गाडी कोणीही उघडू नये, दुरुस्त करू नये, विकू नये. कव्हरसकट नेऊन यंत्रात दाबून टाकावी. नातीने मला क्षमा करावी.

येथपर्यंत लिहून मी कागद वकीलबाईंकडे दिले होते. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारले, “वाहनाची स्थिती काय लिहायची?”

“उभी आहे.”

“उभी आहे ही स्थिती नाही, काकू. चालू, बंद, दुरुस्त होण्याजोगी, मोडीत काढण्याजोगी, यांतलं एक काहीतरी हवं. आणि कोणीतरी पाहून सांगायला हवं. न पाहता मी लिहिणार नाही.”

मी पुष्कळ वाद घातला. वकीलबाई माझ्यापेक्षा हट्टी निघाल्या. शेवटी बारक्याला निरोप धाडला. नातीला मी बोलावले नव्हते, बारक्याने कळवले आणि ती आली. तोंडात तीळ भिजत नाही त्याच्या.

खरे सांगायचे तर उघडायला मी तयार झाले, ते वकीलबाईंमुळे नाही. तळ गेला असेल, दारे गेली असतील, हे मला ठाऊक होते. मला वाटत होते की वास असेल. तेवढ्यासाठीच तर सगळे केले होते.

कव्हर मीच कापले. मला टाका उसवत बसायचा धीर नव्हता. दाराचे रबर विरघळून पत्र्याला चिकटले होते. बारक्याने पातळ पाते घालून ते सुटे केले. दार उघडले आणि बिजागरीतून खाली झुकले. मी सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितले, आत वाकले आणि सीटच्या पाठीला तोंड लावले.

ती नव्हती. ओल होती, बुरशी होती, आणि गंजाचा वास होता, तो जो ह्यांच्या कपड्यांना रोज यायचा. मी दुसरीकडे बघितले, मागची सीट बघितली, दाराच्या खिशातले फडके काढून त्यात नाक खुपसले. कुठेच नव्हती. कधी गेली असेल, कोण जाणे. पहिल्या पावसातच गेली असेल. आणि आम्ही दोघे म्हातारे होईपर्यंत त्या डब्यावर पहारा करत बसलो. मी तिथेच मोठमोठ्याने रडले. मुलगी गेली तेव्हा मी अशी रडले नव्हते, कारण तेव्हा हातात बाळ होते. आता ते बाळ माझ्या पाठीवरून हात फिरवत होते.

बारक्याने मला स्टूल आणून दिले आणि ह्यांच्या पद्धतीने काम सुरू केले. दारे उघडली आणि लावली. चारांतले एकही जागेवर बसले नाही. लोहचुंबक फिरवले. ते कुठेही खाली पडले नाही, कारण या गाडीत ह्यांनी चमचाभरसुद्धा लांबी भरली नव्हती. जिथे पत्रा होता तिथे पत्राच होता, आणि जिथे नव्हता तिथून आरपार दिसत होते. मग त्याने पायाखालचे रबर उचलले आणि स्क्रू ड्रायव्हर टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला.

“काकू, खोटं नाही बोलणार,” तो म्हणाला. “तळ संपलाय. दोन्ही कडेच्या पट्ट्या गेल्या, दारांचे खांब खालून सुटलेत. दुसऱ्या कोणाची असती तर मी भंगारात घाला म्हणालो असतो.”

“आणि माझी आहे म्हणून काय म्हणतोस?”

“तेच म्हणतो.”

वकीलबाईंनी 'मोडीत काढण्याजोगी' असे लिहून घेतले. माझ्या कलमाला आधार मिळाला. मला आनंद व्हायला हवा होता.

तोवर नात ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसली होती. बारक्याने तळाला एक फळी टाकून दिली होती. तिचे गुडघे स्टिअरिंगला टेकले होते, मान खाली घालावी लागत होती.

“मामा, सीट मागे कर ना जरा.”

बारक्याने दांडा ओढला, खालून ठोकला, पुन्हा ओढला. रूळ गंजून एकजीव झाले होते. “नाही हलणार ही. कापावी लागेल.”

“राहू दे मग,” ती म्हणाली. तशीच बसून राहिली, गुडघे वर करून. मग एकदम म्हणाली, “आजी, आई इथे बसायची? एवढ्या पुढे?”

“हो.”

“आणि तिचे पाय पोचायचे?”

“जेमतेम.”

तिने आपला हात खांद्यापाशी आडवा धरला. “म्हणजे ती एवढीशी होती?”

“तुझ्या खांद्याला लागली असती.”

नात हसायला गेली आणि तिचे तोंड वेडेवाकडे झाले. “मला कोणी सांगितलंच नाही गं. मी तिला नेहमी माझ्याहून उंच समजत आले.”

खरेच कोणी सांगितले नव्हते. ती हुशार होती, धीट होती, सगळ्यांची लाडकी होती, हे आम्ही तिला इतके सांगितले की त्या पोरीने एक भलीथोरली आई मनात उभी केली. ती बुटकी होती, सीट पुढे ओढताना दरवेळी 'हुश्श' करायची, हे सांगायचे राहून गेले. घरातल्या फोटोंत ती बसलेली आहे नाहीतर बाळाला घेऊन एकटी उभी आहे. शेजारी मापाला कोणी नाही. जावयाशेजारचा लग्नातला एक होता, तो मीच कपाटात लपवला.

मी स्टुलावरून उठले आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. खाली स्प्रिंगा टोचत होत्या. गोट अजून सरळ होता.

नातीने आरशात बघितले. “आजी, यात रस्ता दिसत नाही. तू दिसतेस.”

मग मी तिला तिच्या आजोबांची गोष्ट सांगितली. गुडघे, ब्रेक, आरसा, सगळे. मी ती आजवर कोणालाच सांगितली नव्हती, कारण ज्याला सांगायची तो माणूस समोरच बसून गाडी चालवत होता. सांगताना तिचे डोळे मला आरशात दिसत होते. ह्यांच्यासारखे नाहीत, मुलीसारखेही नाहीत. तिचे स्वतःचे आहेत.

बारक्या बाहेर उभा राहून हात पुसत होता. सवयीनेच असेल, कारण त्याने आमच्याकडे बघितलेही नाही.

“चालवणार कोण?” तो म्हणाला.

“मी,” नात म्हणाली.

कलम ८. कलम सात रद्द

वरील कलम सातमधली गाडी दाबून टाकण्याची इच्छा मी याद्वारे रद्द करते. सदर गाडी मी नातीला देते, आणि ती तिने चालवण्यासाठी उभी करून घ्यावी.

ही गाडी उभी करण्याच्या लायकीची नाही. बारक्याने पाहून सांगितले आहे, वकीलबाईंनी लिहून घेतले आहे, मला मान्य आहे. तळ नवा लागेल, पट्ट्या नव्या, खांब खालून नवे, दारे जमली तर जुनी. शेवटी बदकाचे बदक किती उरेल हे बारक्यालाही सांगता येत नाही. पण प्रश्न विचारला गेला आणि त्याला उत्तर मिळाले. ह्यांच्या शेडमध्ये त्यानंतर कधी वाद झालेला नाही. काम बारक्याने करावे. कुठेही लांबी भरू नये. मी वरून बघत असेन अशी भीती त्याला मी घालत नाही, पण त्याने तसे समजून काम केले तर बरे.

सीटा मी शिवीन. नातीचे माप घेतले आहे. ती पुढे बसली की पाठीला कुठे आधार लागतो, मांडी कुठवर येते, ते खडूने आखून ठेवले आहे. माझ्या हातून पुरे झाले नाही तर ते दुसऱ्याकडून पुरे करून घ्यावे. गोट पांढराच हवा.

आता जे लिहायला माझा हात धजत नव्हता ते. सीटचे रूळ कापावेत आणि सीट मागे घ्यावी. माझ्या मुलीने ती जिथे ओढून ठेवली होती तिथे ती आजवर होती. ह्यांनी गुडघे मोडून घेतले पण ती हलवली नाही, मी कोणाला तिच्याजवळ जाऊ दिले नाही. पण तिथे बसून माझ्या नातीला ब्रेक नीट दाबता येणार नाही. आरसाही तिने आपल्या डोळ्यांना लावून घ्यावा, कारण गाडी चालवणाऱ्याला मागचा रस्ता दिसलाच पाहिजे. माझी मुलगी याबाबतीत फार कडक होती.

गाडी उभी असेल तेव्हा काचा बोटभर उघड्या ठेवाव्यात.

कलम ९. कलम दोनमधील खोलीबाबत

माझी खोली बंद ठेवावी असे मी वर लिहिले आहे. ते रद्द.

कुलूप लावू नये. मशीनवर जे अर्धवट असेल ते पुरे करावे नाहीतर उसवावे. मशीन चांगले आहे, ज्याला येत असेल त्याने चालवावे. माझे कपडे घडी घालून कपाटात जपू नयेत, ज्यांच्या अंगाला होतील त्यांना देऊन टाकावेत. उशी उन्हात टाकावी. भिंतीवरची मापे रंगाखाली गेली तरी चालतील.

माझ्या नातीला विशेष सांगणे. पहिले काही दिवस तू त्या खोलीत येऊन उशीला तोंड लावशील. मी तुला ओळखते. लाव. पण खिडकी बंद करू नकोस. वास जाईल, तो जाऊ दे. मी किती उंच होते, गोट कसा धरायचे, रागावले की आत कशी निघून जायचे, हे तुझ्या पोराबाळांना सांग. आणि मी बुटकी होते हेही सांग. तुझी आई माझ्यावरच गेली होती.

याखेरीज माझी काही इच्छा नाही.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, दोन ठिकाणी माझे मलाच रडू आले, तरी त्यातला मजकूर माझ्या इच्छेप्रमाणे बरोबर आहे. पुढील दोन साक्षीदारांच्या समोर मी सही केली आणि माझ्या समोर त्यांनी केली. त्या दोघांनाही या मृत्युपत्राने काही मिळत नाही, याबद्दल त्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

सही: सीटवाली काकू

साक्षीदार: समोरच्या दुकानातले चष्मेवाले (सही)
साक्षीदार: दाखला देणारे डॉक्टर (सही). यांच्या सीटचा गोट मी शिवून दिला आहे, त्याचा या साक्षीशी संबंध नाही.

ठिकाण: शेड, मागचा कोपरा, गाडीजवळ.
दिनांक: बारक्याने सीटचे रूळ कापले तो दिवस. आकड्यांतली तारीख वकीलबाईंनी शिक्क्याने घातली आहे. सही करतेवेळी सीट मागे गेलेली होती.